सहावा बोल्ट

नागपूर, ८ डिसेंबर २०२४

ताई,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नमस्कार शेवटी. तू विचारलंस, "लोखंडाच्या लढाईत प्लास्टिक घालून काय करता गा तुम्ही मामा-भाची?" प्रश्न चुकीचा आहे, पण अडाणी नाही. कळमेश्वरच्या कारखान्यांतले इंजिनिअर मला हाच प्रश्न विचारतात, फक्त इंग्रजीत.

मोबाईलवर लिहायचं नाही, हे तुझं म्हणणं पटलं. तुझा फोन तुझ्या लेकीनं, खुशीनंच लावून दिला आहे आणि तुझे सगळे मेसेज तिच्या लॅपटॉपवर उघडतात, हे तिनंच मला हसत सांगितलं. बोलावं म्हटलं, तर मिरचीच्या कांडपाशेजारी इतकी वर्षं काढून तुझ्या कानांचं जे झालं आहे, त्यामुळे तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला सांगणं. तेव्हा गोलूची पिकअप बरी. तुझी मिरची इकडे येते, माझा कागद तिकडे जाईल.

आता ऐक. तुझी लेक ज्याला 'कॉलेजचा प्रोजेक्ट' म्हणते, ते पाटाएवढं, पंधरा किलोचं, चार चाकांचं यंत्र आहे. तोंडाशी पोलादी पातं, ते मोटरवर गरगर फिरतं. अशी दोन यंत्रं बंद रिंगणात सोडायची, बाहेरून रिमोटनं चालवायची, एकमेकांना ठोकायची. जे हलायचं थांबलं ते हरलं. आमच्याचं नाव 'भिवापुरी'. ते तुझ्या मिरचीवरून ठेवलं, मी नाही, तिनं.

चिलखत लोखंडाचं केलं तर दोन गोष्टी होतात. वजन तिथंच संपतं, आणि मार बसून पत्रा वाकला की तो चाकाला घासतो, यंत्र जागीच बसतं. प्लास्टिक वाकतं आणि परत येतं. पण कोणतं प्लास्टिक? माझ्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये मी प्रत्येक जातीचा तुकडा वाइसमध्ये धरला आणि मोठ्या घणानं मारून पाहिला. अॅक्रेलिक दिसायला काच, एका घावात पापड. नायलॉन मजबूत, पण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं, माप सोडतं. एक पांढरं, साबणासारखं गुळगुळीत प्लास्टिक असतं, कोळशाच्या घसरगुंडीला आतून लावतात, आमच्या धंद्यात त्याला 'यूएच' म्हणतात. त्याला घण मारला तर गालावर उमटावा तसा वळ उमटतो, बस. कापलं जाईल, पण तडकणार नाही. मार खाऊन जागेवर राहणं, चिलखताचं काम एवढंच असतं.

आणि चौथं पॉलीकार्बोनेट, आम्ही नुसतं पॉली म्हणतो. हेही काचेसारखं पारदर्शक, पण जात निराळी. घण उसळून माझाच खांदा दुखावला, शीटवर ओरखडासुद्धा नाही. शेजारचे सगळे बघत होते. अॅक्रेलिक आणि पॉली नुसत्या डोळ्यानं ओळखू येत नाहीत, म्हणून मी कोपरा जाळून वास घेतल्याशिवाय शीट घरात आणत नाही. सदर बाजारातल्या दुकानात मी शिरलो की मालक स्वतःच माचिस पुढे करतो.

त्याच पॉलीतून तुझ्या कांडपाच्या तोंडावर बसेल असं झाकण कापून पाठवतो आहे. भाऊजींच्या डोळ्याचं झालं ते झालं, आता तरी मशीन उघडी चालवू नका. सोबत सहा बोल्ट आणि लाल दवेची शिशी. प्रत्येक बोल्टाच्या आट्यांवर एक थेंब टाकायचा. मशीन कितीही थरथरली तरी बोल्ट सैल होत नाही. पुस्तकातलं नाही, हातानं शिकलेलो आहे: दुर्गेशनं बसवलेला बोल्ट आजवर आपोआप सुटलेला नाही.

नमस्कार.
दुर्गेश


भिवापूर, १५ डिसेंबर

दुर्गेश,

पेपरासारखं काहून लिहितो गा बहिणीले? वाचताना मले वाटलं आता खाली तुझा फोटो येईल.

झाकण पोचलं. यांनीच बसवलं, मले हात लावू दिला नाही. एक बोल्ट मिरचीच्या भुकटीत पडला, तो काही सापडला नाही. मी म्हटलं पाचावर राहू द्या, तं ऐकत नाही. आपल्या जुन्या सायकलचा काढून लावला. तोवर तुझी शिशी यांच्या हातून सांडली होती, मग उगाच मलेच बोलले. झाकण छान आहे. आतली मिरची नाचताना दिसते.

पण दुर्गेश, तू मले प्लास्टिकच्या जाती सांगितल्या, मले जे पाहिजे होतं ते नाही सांगितलं.

यांच्या डोळ्याले लागलं त्या दिवशी तू इथं नव्हता. सगळे म्हणतात कांडपाच्या हातोड्याचा तुकडा उडाला तेव्हा मोठा आवाज झाला असेल. मले आवाजच नाही आला. मशीनच्या आवाजात दुसरा आवाज मरते. मी वळून पाहिलं तं हे खाली बसून होते अन् बोटांतून रक्त येऊन राहिलं होतं. तोंडावर सगळी भुकटी. मी पदरानं यांचं तोंड पुसून राहिली होती. हे ओरडून राहिले होते की पुसू नको, पुसू नको, आग होते. अन् मले ऐकूच येऊन नाही राहिलं. मी पुसतच राहिली.

खुशी दारात उभी होती. ती रडली नाही. तेव्हापासून मले तिची जास्त भीती वाटते. जी पोरगी असं पाहून रडत नाही, ती पुढं काय करन, सांगता येत नाही. आता तिनं फिरणारं पातंच तुझ्या घरी आणलं.

मले एवढंच सांग. ते पातं फिरते तेव्हा माझी पोरगी कुठं उभी राहते?

सत्यवती


नागपूर, २२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचल्यावर मी कामाला बसलो नाही. त्या दिवसाचं एवढं सगळं तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

उत्तर: ती भिंतीमागे उभी राहते. भिंत मी बांधली आहे. शेडच्या मधोमध सागाची चौकट उभी केली, आणि तिच्या चारही बाजूंना पॉली लावली, दहा मिलिमीटर जाड. यंत्र आत, आपण बाहेर. प्रत्येक शीट चौकटीला बोल्टांनी आवळली आहे, प्रत्येक बोल्टाला लाल दवा, प्रत्येक वॉशर मी स्वतः बसवला. दाराला असा खटका केला आहे की दार उघडं असेल तर पातं फिरतच नाही. डोळ्यांवर चष्मा. केस बांधलेले. ओढणी नाही. या घरात तुझ्या लेकीसाठी जेवढे नियम आहेत तेवढे कळमेश्वरच्या एकाही कारखान्यात नाहीत.

मागच्या रविवारी पातं पहिल्यांदा फिरवलं, अर्ध्या वेगानं. सगळं व्यवस्थित झालं. एक लहानशी गोष्ट झाली, ती लिहिण्यासारखी नाही.

आमचं भांडण मात्र लिहिण्यासारखं आहे. चिलखताच्या बाजू यूएचच्या, यावर आमचं एकमत. वरचं झाकण मी यूएचचंच म्हणत होतो. ती म्हणाली, "मामा, झाकण पॉलीचं करू. लोकांले आतलं दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "लोकांले जिंकलेलं दिसलं तं बस झालं."

"तुम्ही घाबरता."

"मी घाबरत नाही. मी हिशेबानं चालतो."

"आई पण असंच म्हणते," ती म्हणाली आणि कानात ते गाण्याचे बोळे घालून कामाला लागली. शेवटी झाकण पॉलीचं झालं. पॉलीनं माझा घण परत केला होता, तेव्हा माझ्याकडे नाही म्हणायला कारणही नव्हतं. सहा मिलिमीटरचं कापलं, कडा स्वतः घासल्या. आत डोकावलं की बॅटरी, तारा, मोटर, सगळं मत्स्यालयासारखं दिसतं. खुशी म्हणते, आता लोकांना कळेल की आत जादू नाही, कोणीतरी बसून केलेलं काम आहे. हे वाक्य ती माझ्याकडून शिकली, पण असो.

भिंत मजबूत आहे. तू निवांत झोप.

दुर्गेश


भिवापूर, ३० डिसेंबर

दुर्गेश,

लहानशी गोष्ट! पात्याचा टवका उडून तुझ्या टिनात घुसला, अन् ते लिहिण्यासारखं नाही? खुशीनं बापाले फोनवर सांगितलं. हसून राहिली होती. म्हणे मामा चुन्यासारखे पांढरे पडले अन् दहा मिनिटं स्टुलावर बसून होते. हे फोनवर ऐकून राहिले होते अन् मी यांचं तोंड पाहून राहिली होती. यांचा चांगला डोळा आहे ना, तोही यांनी मिटून घेतला.

मले सांग, भिंत होती तं टवका टिनात कसा गेला? वरून गेला. वरून उघडी आहे तुझी भिंत. मले न शिकता कळते.

छताले जाळी लाव.

दुसरं. तुझ्या झाकणाले बोल्टांच्या आजूबाजूले बारीक रेघा आल्या आहेत. कोळ्याचे पाय असतात तशा. उजेडात धरल्या की चमकतात. मले तं दिसल्याच नव्हत्या, यांनी बोट फिरवून सांगितलं. एका डोळ्याचा माणूस बोटानं जास्त पाहते. हे विचारून राहिले, असं असते का त्या प्लास्टिकले? का मिरचीच्या तेलानं झालं? एवढं काही नाही, तुटलं नाही. पण तू म्हटलं होतं ना ओरखडासुद्धा येत नाही, म्हणून विचारलं.

नवीन पीक निघालं. पाव किलो लाल पाठवते. खुशीच्या मेसमध्ये देऊ नको, तुम्ही खा.

सत्यवती


नागपूर, ४ जानेवारी २०२५

ताई,

छताला जाळी लावली. तू सांगितलं म्हणून नाही, मी लावणारच होतो.

रेघांबद्दल. ती पॉलीची चूक नाही, हाताची आहे. भाऊजींनी बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले. लोकांना वाटतं, जेवढा जोर तेवढं घट्ट. पॉलीला जोर नको, अंदाज लागतो. शिवाय तू ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं असणार, तुझी सवय मला माहीत आहे. कळमेश्वरला मी मशीनींची जी पारदर्शक झाकणं करून देतो, त्यातल्या दोन गिऱ्हाइकांनीही असंच सांगितलं होतं. मी स्वतः जाऊन त्यांच्या फिटरांना पाना कसा धरायचा ते शिकवून आलो. भाऊजींना सांग, प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा सैल करा. राग मानू नका म्हणावं, हे कामच तसं आहे, ज्याचं त्यालाच जमतं.

कॉलेजातली लढत महिन्याच्या शेवटी आहे. त्याआधी येत्या १२ तारखेला, रविवारी, पातं पहिल्यांदा पूर्ण वेगानं फिरवणार आहोत. आत एक लोखंडी पिंप ठेवायचं आणि भिवापुरीनं त्याला धडकायचं. पिंपाचे तुकडे भिंतीवर येतील. येऊ दे. भिंत त्यासाठीच आहे.

खुशी नेहमी समोरच्या शीटला अगदी चिकटून उभी राहते. मागे हो म्हटलं तर म्हणते, लांबून पात्याचा कल कळत नाही. तिचं बरोबर आहे, लांबून कळत नाही. मी तिला हटकत नाही. भिंतीवर माझा भरवसा आहे.

खरं सांगायचं तर त्या टवक्यानंतर मी दाराचा खटका दोन-दोनदा तपासतो. हे तिला सांगू नको.

दुर्गेश


भिवापूर, ९ जानेवारी

दुर्गेश,

मी रॉकेल लावलं नाही. साध्या कापडानं पुसते, कोरड्या. भुकटीवर रॉकेल कोण लावते? मिरची खायची असते.

यांनी तुझं पत्र वाचलं. पाना घेऊन गेले अन् बोल्ट सैल करायले बसले. मग मले हाक मारली. मले ऐकू आली नाही, तं येऊन हात धरून नेलं.

सहा बोल्ट आहेत ना. पाच तुझे, लाल दवा लावलेले. सहावा यांच्या सायकलचा. त्याले दवा नव्हती, शिशी सांडली होती, मी लिहिलं होतं तुले. तुझ्या पाचही बोल्टांच्या भोवती रेघा आहेत. दोन बोल्टांच्या तं एकमेकीले भिडून राहिल्या. सायकलच्या बोल्टाभोवती एकही नाही. साफ. अन् तोच सगळ्यात जास्त आवळला होता, कारण तो बसत नव्हता, यांनी लाथ मारून पाना फिरवला होता.

हे म्हणाले, दुर्गेशले लिही. मी म्हटलं त्याले राग येईन. हे म्हणाले, येऊ दे.

मले तुझ्यातलं काही कळत नाही. पण जोर तं सहाव्यालेच जास्त होता, अन् दवा पाचांले होती. तूच सांग मग.

गोलूले सांगितलं आहे, शनिवारी तुझ्याच हातात देजो, खुशीजवळ नको.

सत्यवती


नागपूर, १३ जानेवारी

ताई,

रविवारी भाऊजींना फोनवर सांगितलंच आहे, तरी पुन्हा लिहितो. मेन स्विच पाडून झाकण उतरवा, आणि दुसरं येईपर्यंत कांडप बंद ठेवा. कोणी कितीही मिरची घेऊन आलं तरी बंद.

आता झालं ते सांगतो.

तुझं पत्र मला शनिवारीच मिळालं. वाचलं आणि मला राग आला. भाऊजींनी बरोबर ओळखलं होतं. मी मनात म्हटलं, सायकलचा बोल्ट! आता सायकलचा बोल्ट मला प्लास्टिक शिकवणार. पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. कोणाला दाखवलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. पिंप आत ठेवलं. भिवापुरी आत ठेवली. मी खटका तपासला, जाळी तपासली. खुशीनं चष्मा लावला, केस बांधले आणि आपल्या जागेवर, समोरच्या शीटला लागून उभी राहिली, रिमोट हातात. पूर्वेच्या पत्र्याच्या फटीतून ऊन येतं आमच्याकडे. ते तिच्या खांद्यावरून शीटवर पडलं.

ताई, तिच्या गालापाशी एक बोल्ट होता. त्याच्या भोवती चमकलं. आधी वाटलं कोळ्याचं जाळं आहे. मी फडकं घेतलं अन् पुसायला गेलो. निघेना. आतमध्ये होतं ते.

ती म्हणाली, "चालू करू?"

मी तिचा हात धरला, अन् रिमोटची बॅटरीच काढून घेतली.

"काय झालं, मामा? घाबरले?"

"हो," मी म्हटलं. "बाहेर हो."

"अहो पण..."

"खुशी, बाहेर हो म्हटलं ना!"

मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ती बाहेर गेली. मग मी तोच घण घेतला, जो नोव्हेंबरात सगळ्यांसमोर पॉलीवर मारला होता अन् तो उसळून आला होता. खुशी उभी राहत होती त्याच जागी, तिच्या तोंडाएवढ्या उंचीवर, मारला. जोरात नाही मारला. हिंमतच नव्हती.

शीट या बोल्टापासून त्या बोल्टापर्यंत फाटली. सुऱ्यासारखा एक लांब तुकडा सुटला अन् माझ्या पायाशी येऊन पडला. मी बाहेरून मारलं होतं, म्हणून खरं तं तो आत पडायले पाहिजे होता. उलटा आला. विचार कर. पिंपाचा तुकडा आतून आला असता तं काय झालं असतं.

ती दारातून पाहत होती. आत आली, तो तुकडा उचलला, उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "मी रोज इथंच उभी राहत होती." अन् मग, ताई, ती रडली. त्या दिवशीचं सगळं आता रडून राहिली होती, असं वाटलं मले. म्हणाली, "बाबांले असं झाकण असतं तं, असं म्हणून मी ही भिंत पाहायची मामा. ही भिंत पाहूनच मले भीती वाटत नव्हती."

मी तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला.

दुपारी कोऱ्या पॉलीची पट्टी घेतली, वाकवून वाइसमध्ये धरली, अन् वाकवलेल्या जागी लाल दवेचा एक थेंब ठेवला. दुसरी पट्टी तशीच वाकवली, दवा नाही. आम्ही दोघं समोर बसलो. चहा थंड झाला. संध्याकाळच्या आत पहिल्या पट्टीवर ते कोळ्याचे पाय उमटले, डोळ्यासमोर. दुसरी जशीच्या तशी. ती दवा लोखंडासाठी आहे, ताई. लोखंडाले धरते अन् पॉलीले आतून खाते. सगळ्या जगाले माहीत असेल, मले नव्हतं. मी लोखंडावर शिकलेला माणूस. तीच सवय प्लास्टिकवर घेऊन आलो, अन् तिलाच माझी सही म्हणत होतो.

खुशीनं भिवापुरीचं झाकण काढलं. त्यालेही होत्या रेघा. मले न विचारता यूएचच्या शीटवर पेन्सिलनं माप घेऊन बसली. मी म्हटलं, "मग आतलं दिसणार नाही." ती म्हणाली, "नाही दिसलं तं नाही."

पण हे सांगायला मी एवढं लिहिलं नाही.

आज पहाटे मी कळमेश्वरला गेलो. मी तिथं किती झाकणं लावली ते मले तोंडपाठ आहे, माझा अभिमान होता तो. फाटकाफाटकावर उभा राहून सांगत होतो, मशीन बंद करा, माझं झाकण काढायचं आहे. एका ठिकाणी मॅनेजर म्हणाला, "दुर्गेशभाऊ, आता काय नवीन पाना शिकवायला आले का?" हसले सगळे. मी हसलो नाही. प्लास्टिक दळायच्या एका मशीनवर अंजनाबाई म्हणून बाई काम करते. झाकणातून आत पाहायसाठी ती दिवसभर तोंड टेकवून उभी राहते, झाकणावर तिच्या कपाळाचा डाग आहे. तेवढ्याच जागेत दोन बोल्ट. मी काढायला लागलो तं म्हणते, "काहून काढता जी? चांगलं दिसत होतं." मी नुसता हात लावला तं कोपरा निघून माझ्या हातात आला. तिनं तो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. अन् पदर घेतला डोक्यावर.

सगळी काढली. एक सोडून. मसाल्याची एक लहान चक्की होती, तो कारखाना दिवाळीत बंद पडला. भंगारवाल्यानं उचलली, त्यानं कोणाला तरी विकली, त्याला नाव आठवत नाही. एवढंच म्हणाला, उमरेड-भिवापूर साइडले गेली, कोण्या गावात कांडप टाकायचं होतं त्या माणसाले. चालू असेल. माझं झाकण लावून, भरवशानं, कोणीतरी समोर उभं असेल, तिखट किती बारीक झालं ते पाहत.

मले आज रात्री झोप येणार नाही, ताई. मले त्या माणसाचं तोंडही माहीत नाही.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. लिहिता येत नाही जास्त.

दुर्गेश


भिवापूर, १७ जानेवारी

दुर्गेश,

या वेळचं पत्र पेपरासारखं नव्हतं. मले सगळं कळलं.

झाकण उतरवलं. कांडप बंद आहे, लोक आमच्या नावानं बोंबलून राहिले, बोंबलू दे. यांनी ते झाकण गुडघ्यावर ठेवून दाबलं तं काड्याची पेटी मोडावी तसं मोडलं. आम्ही दोघं रोज त्याच्यावर वाकत होतो.

चक्कीचं मी यांले वाचून दाखवलं. हे उठले अन् टोपी घातली. डोळा गेला त्या दिवसापासून बाजाराले, लग्नाले, कुठंच जात नव्हते ना, लोक तोंडाकडं पाहतात म्हणून. आता रोज सकाळी निघतात. भिवापुरातले सगळे कांडप झाले, आता बाहेरची गावं घेतली आहेत. त्या मोडक्या झाकणाचा तुकडा पिशवीत असते. दारात उभे राहून म्हणतात, तुमच्या मशीनले काचेसारखं झाकण आहे का, पाहू द्या. दुसऱ्या कोणाले लोकांनी हाकललं असतं. यांचं तोंड पाहिलं की आधी मशीन बंद करतात, मग विचारतात काय पाहिजे.

सापडली नाही अजून. एकानं सांगितलं अशी एक चक्की पाहिली होती, पण कोणत्या गावात ते त्याच्या ध्यानात नाही. हे उद्या तिकडं जाऊन राहिले. भीती मलेही वाटते. जोवर सापडत नाही तोवर वाटन.

आता तुझं. खुशीनं फोनवर सांगितलं, नवीन भिंत झाली, दवा नाही, नुसते लॉकवाले नट आहेत, अन् तू रोज उजेड धरून पाहतो. हेही म्हणाली की मामा आता तिले चालूच करू देत नाही. काही ना काही कारण काढते. पोरगी बोलावून राहिली अन् तू शेडले कुलूप लावून राहिला.

असं नको करू. तिनं रडायले इतकी वर्षं लावली. आता तिले कुलूप नको दाखवू.

मी रविवारी गोलूसोबत येते. तुझी भिंत मी पाहीन, प्रत्येक बोल्टावर बोट फिरवून. यांनी शिकवलं आहे मले. मग ती जिथं उभी राहते तिथं मी तिच्याजवळ उभी राहीन, भिंतीले तोंड लावून. तू बाहेर नको थांबू. तूही ये आमच्यात. तिघांपुरती जागा कर.

मले तसंही ऐकू येत नाही. चालू झालं की माझा हात दाब.

सत्यवती